‘गुलामांना घरच्यासारखं ठेवत’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. जूनमध्ये ते आणि आई पहिल्यांदाच आमच्याकडे व्हर्जिनियाला येताहेत. त्यांना कुठे कुठे न्यायचं याची यादी मी महिनाभर खपून केली होती. त्यातली दोन ठिकाणं काढून टाक म्हणाले. एक वॉशिंग्टनचं आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय, दुसरं मॉन्टिसेलो, म्हणजे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं घर. “अगं, तिथे सगळं रडगाणं आहे म्हणे. आमच्या ग्रुपवर आलंय.”

बाबांनी अख्खी नोकरी साताऱ्याकडच्या शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली. त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि मी तो फॉरवर्ड मागवून घेतला. ‘अमेरिकेला निघालेल्या ज्येष्ठांसाठी उपयुक्त सूचना’ असा मथळा आहे. औषधांच्या चिठ्ठ्या, प्रवासविमा, विमानतळावरची व्हीलचेअर इथपर्यंत सगळं ठीक. पुढे मात्र ‘काळ्यांच्या इतिहासाची ठिकाणं टाळा’ असा एक वेगळा भागच आहे आणि त्यात कारणं दिली आहेत. गुलामांना मालक घरच्यासारखं ठेवत. आयरिश लोकही गुलामच होते. आपल्याकडचा मलिक अंबर गुलामाचा वजीर झाला. अमेरिकेतलं यादवी युद्ध करांवरून झालं. हा सगळा त्यांचा इतिहास, आपला काय संबंध? आणि शेवटी, सुट्टीत मन खट्टू करून का घ्यायचं? महिन्याभरात हा मजकूर मला तीन ग्रुपवर दिसला. नणंदेनेही मोठ्या काळजीने पाठवला. म्हणून हे जाहीर लिहिते आहे.

‘घरच्यासारखं’ हा शब्द आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

मॉन्टिसेलो आमच्या घरापासून गाडीने जाण्यासारखं आहे. दोनदा जाऊन आले. टेकडीवर घुमटाचं देखणं घर आहे. जेवणाच्या खोलीत एक फिरतं दार आहे, त्याला मागच्या बाजूने फळ्या. मागे उभ्या असलेल्या माणसाने फळ्यांवर ताटं मांडायची आणि दार फिरवायचं, की पदार्थ पाहुण्यांसमोर हजर. चुलाण्याच्या बाजूला दारूच्या बाटल्या तळघरातून वर खेचायची छोटी लिफ्ट आहे. जेवण येतं, आणणारा दिसत नाही. आपल्या घरात काम करणारी माणसं डोळ्यांआड राहावीत म्हणून इतकी कारागिरी खर्ची घातली होती.

त्या दारामागच्या माणसांची नावं आज माहीत आहेत. ईडिथ फॉसेट ही मुख्य स्वयंपाकीण. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना तिला कोवळ्या वयात वॉशिंग्टनला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला होता. तिचा नवरा जोसेफ लोहार. त्याच आवारात खिळे पाडायचा कारखाना होता. तिथे १० ते १६ वर्षांची मुलं घणाचे घाव घालत आणि कुठल्या मुलाने किती लोखंड वाया घालवलं याचा हिशोब जेफरसन स्वतः ठेवत असे. १८२० सालच्या एका पत्रात त्याने लिहून ठेवलं आहे की दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई ही शेतावरच्या उत्तमातल्या उत्तम पुरुषापेक्षा जास्त फायद्याची. जेम्स हबर्ड नावाचा गुलाम पळाला, तेव्हा त्याला पकडून आणून जुन्या सोबत्यांसमोर चाबकाने फोडला, हेही जेफरसनच्याच पत्रात आहे. विरोधकांनी रचलेल्या कथा म्हणून हे झटकता येणार नाही. मालकाचा स्वतःचा कागद आहे.

आता कोणी म्हणेल, काही मालक चांगले असतील ना? बरं, असं धरू. ईडिथ आणि जोसेफचा मुलगा पीटर याची आठवण मी बाबांना फोनवर वाचून दाखवली. हे त्याचं स्वतःचं कथन आहे, १८९८ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आलेलं. या सगळ्या वादात मला तेवढा एकच पुरावा पुरतो.

पीटर सांगतो की त्याच्या स्वतंत्र असलेल्या आजीने त्याला पहिला पोशाख दिला. निळं नानकिनचं कापड, तांबड्या मऊ कातड्याची टोपी आणि तसलेच बूट. वडिलांनी त्यावर चांदीचं घड्याळ दिलं. शेतावर राबणाऱ्यांच्या मानाने या घरातल्या पोराचे लाडच होते. म्हणजे ‘घरच्यासारखं’ म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. जेफरसन १८२६ साली वारला, एक लाख डॉलरहून जास्त कर्ज मागे ठेवून. मृत्युपत्रात त्याने जोसेफला स्वातंत्र्य दिलं. जोसेफच्या बायकोला आणि मुलांना दिलं नाही. जानेवारी १८२७ मध्ये घरातलं सामान, जनावरं आणि १३० माणसं लिलावात उभी केली. पीटर ११ वर्षांचा होता. आपण जणू स्वतंत्रच जन्मलो असं वाटत असताना एकाएकी आपल्याला चौथऱ्यावर चढवून परक्यांना विकलं, असं तो सांगतो.

नव्या मालकाला त्याच्या हातात पुस्तक सापडलं. मालकाने ते आगीत टाकलं आणि बजावलं, परत पुस्तक दिसलं तर उघड्या पाठीवर ३९ फटके. तरी पोरगा शिकला. इतका, की पुढे बहिणीला पळून जाता यावं म्हणून ती स्वतंत्र असल्याचा खोटा परवाना त्यानेच लिहून दिला. स्वतः दोनदा पळाला, पकडला गेला, पुन्हा विकला गेला. अखेर आप्तेष्टांनी पैसे जमवून त्याला सोडवलं. नंतर तो सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला.

खायला-प्यायला होतं, कपडे होते, चांदीचं घड्याळसुद्धा होतं. कर्ज फेडायला घरातलं ११ वर्षांचं मूल कुठल्या घरात विकतात, हे त्या फॉरवर्डवाल्याने मला सांगावं.

आयरिश लोकांचा मुद्दा लवकर संपतो. गरीब आयरिश माणसं करारावर बांधली जाऊन इकडे आली, त्यांचे हाल झाले, हे खरं. पण कराराला मुदत होती आणि त्यांची मुलं करारात जन्मत नव्हती. व्हर्जिनियाने १६६२ साली कायदाच केला की मुलाची अवस्था आईप्रमाणे. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. मालकापासून झालेलं मूलही मालकाची मालमत्ता.

मलिक अंबरचं उदाहरण देणाऱ्याने निदान ते पुढे वाचायला हवं होतं. लहानपणी इथिओपियात विकला गेलेला, हातोहात दख्खनपर्यंत आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. हे सगळं खरं आणि अभिमानाने सांगावं असं. पण त्याच्यामागे त्याचा मुलगा फतेखान वजीर झाला. व्हर्जिनियाच्या कायद्यात फतेखानाला ती वाटच नव्हती, कितीही गुणी असता तरी. आणि वजीर झाला म्हणून लेकराला विकणं बरोबर ठरतं का?

अर्धसत्य एक आहे, तेही मान्य करते. आफ्रिकेतल्या दाहोमेसारख्या राज्यांच्या राजांनी माणसं पकडून गोऱ्या व्यापाऱ्यांना विकली. वॉशिंग्टनचं संग्रहालय हे लपवत नाही. ते बघायला तरी आत जावंच लागेल ना.

यादवी युद्ध करांवरून? दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने १८६१ साली अमेरिकेतून फुटून निघताना कारणांचं जाहीर पत्रक काढलं. त्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे. यावर मी आणखी शब्द खर्च करत नाही.

‘आपला काय संबंध’ वाचून मात्र खरंच वाईट वाटलं, कारण हे साताऱ्याच्या ग्रुपवर फिरतंय. फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलंच, कटगुण. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ काढली तेव्हा अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, निग्रो लोकांना दास्यातून सोडवल्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा तिथेच व्यक्त केली. बाबांच्या कपाटात फुल्यांचं समग्र वाङ्मय आहे. ते पान त्यांनीच मला दहावीच्या सुट्टीत दाखवलं होतं.

आणि संबंध अगदी आमच्या घरापर्यंत येतो. १९१७ च्या कायद्याने भारतीयांना इथे येऊन स्थायिक व्हायची बंदी होती. १९४६ मध्ये ती सैल केली, ती वर्षाला १०० माणसांपुरती. मार्च १९६५ मध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या पुलावर काळ्या लोकांनी मतदानाच्या हक्कासाठी डोकी फोडून घेतली. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशवार कोटा मोडणारा स्थलांतराचा कायदा आला. माणसाची किंमत वंशावरून ठरवायची नाही, हा विचार काळ्या लोकांच्या त्या नागरी हक्कांच्या चळवळीनेच देशाच्या गळी उतरवला होता. मी, माझा नवरा, आमच्या गल्लीतली आठ मराठी घरं त्या दारातून आत आलो. आम्ही केवळ हुशारीवर आलो असं त्या फॉरवर्डमध्ये म्हटलंय. हुशार माणसं १९३० सालीही भारतात होती.

राहिलं मन खट्टू होण्याचं. होतं, खोटं कशाला सांगू. संग्रहालय २०१६ साली उघडलं. इतिहासाची दालनं जमिनीखाली आहेत. मोठी लिफ्ट खाली जाते तशी भिंतीवरची सालं मागे मागे जातात, थेट पंधराव्या शतकापर्यंत. खाली अंधुक उजेडात एका काचेमागे बेड्या आहेत. त्यातली एक लहान मुलाच्या मनगटाची. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने आपलं मनगट काचेला लावून बघितलं आणि मला म्हणाला, “मला बसेल.” मी त्याला उचलून घेतलं आणि पुढे चालत राहिले. थोडं पुढे जेफरसनचा पुतळा आहे. त्याच्यामागे विटांची भिंत आणि विटांवर नावं, त्याच्या मालकीच्या ६०० हून अधिक माणसांची.

पण वरच्या मजल्यांवर रॉक-अँड-रोल गायक चक बेरीची लाल कॅडिलॅक गाडी आहे, जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आहे. लोक हसत, गाणी गुणगुणत फिरत असतात. त्याला रडगाणं म्हणणारा मनुष्य वर गेलेलाच नाही.

चालणं फार आहे, हे फॉरवर्डमध्ये लिहिलं असतं तर मी मान्य केलं असतं. इतिहासाचा भागच दोन तास खातो. आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, पण तिथे व्हीलचेअर मिळते. प्रवेश फुकट आहे, वेळेचा पास मात्र आधी काढावा लागतो. मॉन्टिसेलोचं तिकीट महाग आहे आणि उन्हात चढ आहे, म्हणून तिथे सकाळीच निघायचं.

फोनवर पीटरचं पुस्तक आगीत टाकल्याचं वाचलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. जायचं की नाही यावर अजून हो म्हटलेलं नाही. काल आईने वेगळा फोन करून सांगितलं, पास दोघांचेही काढून ठेव.