मुंबईत जिओकॅश लपवताय? आधी तिथल्या वॉचमनचा विचार करा

लोकलने फिरणाऱ्या प्रत्येकाला ती सूचना पाठ आहे: बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. १९९३, २००६, २००८ आणि २०११ चे बॉम्बस्फोट आणि हल्ले सोसलेल्या शहरात ही सूचना लोक मनापासून पाळतात आणि पाळलीच पाहिजे. त्यामुळे काळ्या टेपने गुंडाळलेली डबी एखाद्या कठड्याखाली चिकटवून कोणी निघून गेला, तर ती सापडल्यावर घाबरणारा माणूस चुकत नाही. चूक लपवणाऱ्याची. जिओकॅशिंगचे, म्हणजे डबा लपवून तो जीपीएसने शोधायच्या खेळाचे, बाकीचे सगळे शिष्टाचार मुंबईत यानंतर येतात.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली आणि ३ मे रोजी ओरेगन राज्यात एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आजही खेळ तोच आहे. कॅश, म्हणजे लपवलेला डबा, शोधा, आतल्या वहीत नाव लिहा, डबा होता तसा ठेवा, ॲपवर नोंद करा.

आता डब्याकडे वळू. मुंबईत डबा पारदर्शक हवा. आतला कागद बाहेरून दिसला की निम्मी भीती तिथेच जाते. पाण्याच्या बाटल्या ज्यापासून फुगवतात ती जाड प्लास्टिकची नळी, म्हणजे प्रीफॉर्म, छोट्या कॅशसाठी उत्तम. झाकण आट्यांचे असते आणि पाणी आत शिरत नाही. जुन्या कॅमेरा रोलच्या डब्या मात्र वापरू नका, त्यांचे झाकण पहिल्याच जोरदार सरीत हार मानते. मोठा डबा ठेवायचा तर चारही बाजूंनी क्लिप आणि आत रबरी कडी असलेला घ्या, आणि तो खासगी जागेत, मालकाच्या परवानगीनेच ठेवा. वायर, बॅटरी, सेलोटेपची जाड गुंडाळी, पाइपचे तुकडे यांतले काहीही बाहेरून दिसता कामा नये.

डब्यावर ठळक लिहा: ‘जिओकॅशिंग या खेळाचा डबा. आत फक्त नोंदवही आहे. कृपया इथेच राहू द्या. शंका असल्यास या क्रमांकावर फोन करा.’ खाली तुमचा चालू मोबाइल नंबर आणि कॅशचा कोड. मराठीत लिहा, हिंदीतही लिहा. नुसती इंग्रजी चिठ्ठी सफाई कामगाराच्या, माळ्याच्या किंवा रात्रपाळीच्या वॉचमनच्या कामाची नाही आणि डबा आधी सापडतो तो त्यांनाच.

जागेबद्दल स्पष्टच बोलायला हवे. रेल्वे स्टेशन, मेट्रोचे जिने, पूल, सरकारी इमारती, शाळा, नौदलाचा परिसर ही ठिकाणे विषयच नाहीत. रस्त्यावरचे विजेचे डीपी बॉक्स आणि दिव्याचे खांबही नकोत. पावसाळ्यात तिथे हात घालायला लावणे म्हणजे जिवाशी खेळ. झाडाला खिळा ठोकू नका, तारेने आवळू नका. जमीन खणून डबा पुरूही नका. कान्हेरीची लेणी किंवा शिवडी, वांद्रे, सायनचे किल्ले यांच्या दगडांच्या फटीत डबा कोंबू नका. शोधणारा प्रत्येक जण मग आजूबाजूचे दगडही हलवून बघतो आणि भिंत सैल होत जाते. अशा ठिकाणांसाठी मल्टीकॅश करा. तिथल्या फलकावरचे आकडे वाचून पुढचे स्थान काढायला लावा आणि डबा परवानगी मिळालेल्या दुसऱ्या जागी ठेवा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारख्या जागी अर्थकॅश शोभते: सुमारे ६१ मीटर उंच बेसॉल्टचा सुळका आणि त्यातली उभ्या स्तंभांची रचना बघून प्रश्नांची उत्तरे कॅशच्या मालकाला पाठवायची. डबाच नाही, त्यामुळे राखणही नाही. माझ्या मते मुंबईत अशा कॅश कितीतरी जास्त हव्यात.

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागते. जागा ठरवण्याआधी नकाशावर तपासा, कारण मल्टी आणि मिस्ट्रीचे (कोडे सोडवल्यावर स्थान कळणाऱ्या कॅशचे) लपलेले डबेही यात धरले जातात.

स्थान मोजण्यात सर्वाधिक गोंधळ होतो. कार्टर रोडसारख्या मोकळ्या किनाऱ्यावर फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर दाखवतो. फोर्टच्या गल्ल्यांत उंच दगडी इमारतींवर सिग्नल आपटून परततो आणि बिंदू रस्त्याच्या पलीकडेही जाऊ शकतो. म्हणून फोन जागेवर दोन-तीन मिनिटे स्थिर ठेवा, मग वाचन घ्या. वेगवेगळ्या दिशांनी चालत येऊन अशी आठ-दहा वाचने घ्या, दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा घ्या आणि सरासरी काढा. गल्लीतल्या कॅशला हिंटही नेमकी द्या. ‘नीट बघा’ ही हिंट नव्हे.

मग येते रूपांतर. नकाशाचे ॲप १८.९४३७ अंश असे दाखवते, कॅशच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटे लागतात. दशांश भागाला ६० ने गुणा: ०.९४३७ गुणिले ६० म्हणजे ५६.६२२. म्हणून १८ अंश ५६.६२२ मिनिटे. हेच स्थान सेकंदांत साधारण १८ अंश ५६ मिनिटे ३७ सेकंद होते, आणि ते घाईत ५६.३७० असे टाकले की डबा नकाशावर साडेचारशे मीटरच्या वर सरकतो. शोधणारे भलत्याच सोसायटीच्या गेटवर घुटमळत राहतात.

पावसाळ्यात जो डबा टिकला तो खरा. नोंदवही जलरोधक कागदाची ठेवा, सोबत पेन्सिल. पेनची शाई ओल लागली की पसरते. वहीची गुंडाळी छोट्या झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून. सिलिका जेलवर विसंबू नका, मुंबईच्या दमट हवेत डबा चार वेळा उघडला की ती पुडी भरून जाते आणि मग ओल धरून बसते. समुद्राजवळ लोहचुंबकाचा मुलामा उडतो, गंज चढतो आणि भिंतीवर डाग पडतो. त्यापेक्षा नायलॉनची दोरी बरी. मेअखेरीस एक तपासणी, नारळी पौर्णिमेच्या आसपास दुसरी, अनंत चतुर्दशीनंतर तिसरी, एवढे तरी कराच. दुरुस्ती लगेच जमणार नसेल तर कॅश तात्पुरती बंद करा आणि रिव्ह्यूअरला, म्हणजे कॅश तपासून मंजूर करणाऱ्याला, कारण लिहून ठेवा. गणपतीला गावी गेल्यावर कोकणात डबा ठेवून यायचा मोह आवरा, तिथे राहून बघणारे कोणी असेल तरच तो विचार करा.

शोधायला जाणाऱ्यांनो, रविवारी सकाळी लवकर जा. अंधारात कठड्यांखाली चाचपडू नका. डबा सापडला की चार पावले दूर बसून सही करा आणि होता तसाच, त्याच जागी ठेवा. ‘आणखी चांगला’ लपवू नका. पोलिसाने किंवा वॉचमनने हटकले तर ‘काही हरवलंय’ अशी थाप मारू नका. ‘साहेब, हा एक खेळ आहे, हे बघा ॲप,’ असे सरळ सांगा आणि निघायला सांगितले तर निघा. सापडला नाही तर तशी नोंद करा, मालकाला त्याची गरज असते. आपण नवी डबी टाकून ‘सापडली’ लिहू नका, कारण जुनी बहुधा तिथेच असते. डब्यात खाऊ ठेवू नका, उंदीर-घुशी प्लास्टिक कुरतडतात. ट्रॅव्हल बग, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात फिरणारी कोड असलेली वस्तू, उचललात तर दोन आठवड्यांत पुढच्या डब्यात सोडा आणि त्याच्या कोडचा फोटो टाकू नका.

परदेशातून पाहुणा येणार असेल तर त्याला आधीच कळवा: उपग्रहावरून संदेश पाठवणारी साधने भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि त्यापायी विमानतळावर अटकही झालेली आहे. साधा फोन पुरतो.

आणि कॅश कायमची बंद केलीत तर डबा स्वतः जाऊन काढा, दोरीसकट. मग पानावर ‘डबा काढला आहे’ असे लिहा, म्हणजे जुना नकाशा घेऊन कोणी तिथे शोधत बसणार नाही.