‘सूज नाही, म्हणजे साप बिनविषारी’ हा मेसेज चुकीचा आहे
ठाण्याच्या येऊर-घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज म्हणतो: चावल्या जागी सूज, वेदना नसेल तर सकाळपर्यंत थांबा.

मण्यार हा विषारी साप चावल्यावर नेमकं असंच असतं: सूज, वेदना फारशी नसते. ती रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे अ‍ॅसिडिटीची गोळी देतात (आपल्याकडे ती कशावरही चालते!). मग पापण्या उचलत नाहीत, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही. पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. फुप्फुसं मात्र ठणठणीत असतात.

प्रतिविष (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) लवकर हवंच. पण विषाने चेतातंतूंची टोकं एकदा बिघडली की प्रतिविष ती दुरुस्त करत नाही. ती सावरेपर्यंत, कधी कित्येक दिवस, व्हेंटिलेटर लागतो. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होतो, मण्यारीच्या दंशात फारसा नाही. डोळे उघडत नाही, हालचाल नाही म्हणून रुग्ण ‘गेला’ समजू नका. त्याला ऐकू येत असू शकतं.

दोरी, ब्लेड, चोखणं नको. १०८ लावा, आणि व्हेंटिलेटर आहे का ते निघतानाच विचारा; घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं रुग्णालय शोधणं परवडत नाही. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा.