मढी उकरण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुने गोव्यातल्या गुलामांच्या बाजारावर मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही, आणि ते तुम्ही आडपडदा न ठेवता कळवलंत, हे बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गुलामगिरी ही अमेरिका-युरोपची भानगड. गोंयकार स्वतःच ४५१ वर्षं पोर्तुगिजांच्या टाचेखाली होता, त्याला त्यात ओढू नका. दीडशे वर्षांपूर्वी संपलेल्या गोष्टीची मढी उकरून काय मिळणार? आणि पर्वरीतला तुमचा फ्लॅट तुम्ही काळ्या माणसाला देत नाही तो ड्रग्जच्या भीतीने, रंगामुळे नव्हे.

टाचेखाली होतो हे अगदी खरं. १७६१ साली लिस्बनहून फर्मान निघालं, की पूर्वेकडच्या ख्रिस्ती प्रजेला गोऱ्यांच्या बरोबरीने वागवा आणि तिला वर्णावरून हिणवणाऱ्या गोऱ्याला शिक्षा करा. असं फर्मान काढायची पाळी का आली असेल, हे तुम्हीच ताडा. ते कागदावरच राहिलं, म्हणून १७७४ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. तरीही फारसं बदललं नाही. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटोंच्या घरी उठावाची जी मसलत झाली तिच्या मुळाशी हीच आग होती: शिकल्यासवरल्या गोमंतकीय पाद्रींना केवळ वर्णामुळे वरची पदं मिळत नव्हती. मसलत फुटली आणि माणसं फासावर गेली.

पण आपल्या मानेवर टाच होती म्हणून आपली टाच कुणाच्याच मानेवर नव्हती, असं होत नाही. मानुएल आंतोनियो द सौझा हा १८३५ साली म्हापशात जन्मलेला गोंयकार मोझांबिकमध्ये गेला आणि गोरोंगोझाच्या मुलखात जवळजवळ राजाच झाला. त्याच्या पदरचं सैन्य गुलाम शिपायांचं होतं. हे फक्त ख्रिस्ती गोंयकारांचं म्हणून आपण हिंदूंनी सुटकेचा श्वास टाकायचं कारण नाही. घाटावर पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या जात होत्या आणि त्याच्या नोंदी दप्तरांत आहेत. पुढे इंग्रजांच्या केनियात गोरे वर, आफ्रिकी माणूस तळाला आणि आपला गोंयकार कारकून मधल्या पायरीवर होता. शाळा वेगळ्या, वस्त्याही वेगळ्या. त्या पायरीवरून खाली उतरून आफ्रिकी माणसाच्या शेजारी उभा राहणाराही आपलाच होता, पियो गामा पिंटो. इंग्रजांनी त्याला १९५४ पासून पाच वर्षं स्थानबद्ध ठेवलं आणि स्वतंत्र केनियात १९६५ साली त्याचा खून झाला. आपल्या मुलांना हा माणूस ठाऊक नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ‘संपली’ म्हणता त्याविषयी. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी मोडली तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना. राबलेल्या माणसाला छदामही मिळाला नाही. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब ब्रिटिश तिजोरीने २०१५ मध्ये मिटवला. तुमच्या-माझ्या हयातीतली गोष्ट आहे ही. पोर्तुगालने १८६९ मध्ये गुलामगिरी रद्द केली, पण सुटलेल्या माणसांनी १८७८ पर्यंत त्याच मालकांकडे राबायचं असं ठरवलं. जमीन नाही, घर नाही, गाठीला पैसा नाही. अशा ठिकाणाहून ज्यांच्या पणजोबांनी सुरुवात केली, त्यांना आपण विचारतो की तुम्ही मागे का राहिलात.

लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या चाकरीत होता. भर रस्त्यावर माणसं जनावरांसारखी विकली जात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मोझांबिकपासून चीन-जपानपर्यंतची माणसं या शहरात गुलाम म्हणून राबली. ती सगळी गेली कुठे? मला वाटतं, ज्यांचा चेहरामोहरा इथल्या माणसांत खपून गेला त्यांची नातवंडं आज तुमच्या-माझ्यातच आहेत आणि त्यांना ते माहीतही नाही. आफ्रिकेतून आणलेल्यांना ती सोय नव्हती. त्यांच्यातले कितीतरी घाट चढून पळाले आणि रानात राहिले. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांतले सिद्दी ते हेच. कितीतरी पिढ्या तिथे काढल्यावर, २००३ मध्ये, त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

त्यांच्यातला एक मुलगा म्हापसा-पणजी बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसला होता. कंडक्टर त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत मोठमोठ्याने बोलू लागला, भाडंही वाढवून सांगितलं. पोराने सुटे पैसे मोजून हातावर ठेवले आणि शांतपणे म्हणाला, ‘हांव हल्याळचो.’ दोघे-तिघे हसले. शेजारच्या बाईंनी तोवर पर्स मांडीवर ओढून घेतली होती, ती त्यानंतरही तशीच घट्ट धरलेली होती. तो मुलगा कुठला नायजेरियन आणि कुठले ड्रग्ज! तुमच्या एजंटाने त्यालाही दारातूनच परत पाठवलं असतं.

म्हणून तुमचं ‘रंगामुळे नव्हे’ मला मान्य होत नाही. गोव्यात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात रशियन सापडले, इस्रायली सापडले, इंग्रज सापडले, आपले गोंयकारही सापडले. मोरजीत रशियनाला खोली देताना कुणी ड्रग्जचा विचार करून हात आखडता घेतलेला मी पाहिला नाही. २०१३ मध्ये पर्ऱ्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि मग एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली. मेलेला माणूस त्यांचा होता, तरी चार दिवसांत आरोपीच्या पिंजऱ्यात तेच उभे होते. गोऱ्या पर्यटकाचा खून झाला असता तर असं घडलं असतं का, याचं उत्तर मला इथेच खाली लिहा, मी ते छापेन.

फ्लॅट तुमचा आहे, भाडेकरूही तुम्हीच निवडा. परदेशी माणसाला ठेवलं तर त्याची माहिती सरकारला कळवावीच लागते, तो नियम रशियनासाठीही तोच आणि काँगोच्या विद्यार्थ्यासाठीही तोच. पुढच्या खेपेला एजंटाचा फोन आला की माणूस कसा दिसतो ते विचारू नका. पासपोर्ट, व्हिसाची मुदत, कॉलेजचं पत्र आणि आधीच्या घरमालकाचा नंबर मागा, त्या घरमालकाशी स्वतः बोला, आणि मग हो-नाही काय ते ठरवा. काय झालं ते मला जरूर कळवा.