बच्चू कडू ओरडतात म्हणून हसणाऱ्यांसाठी

सकाळी सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी अपंगांच्या प्रश्नांवर भांडणारे माजी आमदार बच्चू कडू यांचा एक जुना व्हिडिओ टाकला. कुठल्याशा साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून आवाज चढवताहेत, मागं कुबड्या घेतलेली माणसं. आणि खाली आमच्या मित्रमंडळींची हसायची शर्यत. "नौटंकी." "कॅमेरा बंद केला की गप्प बसतील." एका शहाण्यानं लिहिलं, "लोकप्रतिनिधीनं सभागृहात बोलावं, टेबलं बडवू नयेत."

तिथं मी काही लिहिलं नाही. ग्रुपवर वाद घातला की पुढच्या गेट-टुगेदरला लोक तोंड फुगवून बसतात. म्हणून इथं लिहितेय. लांब होणार आहे, घाई असेल त्यांनी पुढं सरकावं.

माझा दादा शिंपी आहे. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागं त्याचं दुकान. लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय कॅलिपरमध्ये, म्हणजे लोखंडी आधारात, उजव्यात बेताचाच जोर. मशीनच्या मोटारीचं पायडल त्यानं लाकडी ठोकळा ठोकून उंच करून घेतलंय, उजव्या पायाला तेवढं पुरतं. ब्लाउजला त्याचा हात लागला की गावातल्या बायका दुसरीकडं जात नाहीत, हे मी बहीण म्हणून सांगत नाहीये.

तर हा माणूस संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक मदतीला लागणाऱ्या, जिवंत असल्याच्या म्हणजे हयातीच्या दाखल्यासाठी सरकारी ऑफिसात गेला. मी माहेरी आले होते म्हणून सोबत होते. ऑफिस पहिल्या माडीवर. लिफ्ट नाही. दादानं जिन्याशी कुबड्या माझ्याकडं दिल्या, पायातल्या चपला काढून हातात घातल्या, पहिल्या पायरीवर पाठ करून बसला आणि हातांवर जोर देत एकेक पायरी मागं मागं वर सरकला. कॅलिपरचं लोखंड प्रत्येक पायरीच्या कडेवर आपटत होतं. जिन्यात पान खाऊन थुंकलेलं होतं, ते चुकवत चुकवत. येणारेजाणारे अंग चोरून बाजूला होत होते. कोणी वाईट बोललं नाही हो. एकजण तर म्हणाला, "सावकाश काका."

वर गेल्यावर कळलं, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.

कारकून मुलगा चांगला होता. त्यानं दादाला पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाला, "काका, फोन करून यायचं ना." मला काय चीड आली ते सांगता येत नाही, कारण चिडायला समोर कोणी नव्हतंच. दादा मात्र हसत होता. खाली उतरताना म्हणाला, "मी जिता आहो हे सांग्याले माडी चढा लागते पाह्य. मेलो असतो तं खालीच नोंद झाली असती."

आता सांगा, सभागृहात बोलावं म्हणता ना? सभागृहात बोलून झालंय. 1995 साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. तो अपुरा पडला म्हणून 2016 मध्ये दुसरा झाला, अपंगत्वाचे सातऐवजी 21 प्रकार धरले गेले, नोकरीत 4 टक्के आरक्षण आलं, उच्च शिक्षणात 5 टक्के. त्याच कायद्याचं कलम 45 म्हणतं की सगळ्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत अपंगांना वापरता येतील अशा करा. नियम जून 2017 चे. म्हणजे मुदत जून 2022 ला संपली. आमच्या त्या जिन्याला हे कोणी सांगितलं नाही बहुतेक.

आणि कायदा मोडला तर? पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर 50 हजार ते 5 लाख. तुमच्या तालुक्यात कुठल्या साहेबानं हा दंड भरल्याचं ऐकलंय? मी तरी नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानंही झापलं. राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन माणसानं 2005 मध्ये याचिका केली होती, तिच्यात. सरकारनं सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांना जागा वापरता येण्याच्या, नियमांत नुसत्या शिफारशी भरून ठेवल्या होत्या, जमलं तर करा छापाच्या. कोर्टानं तो नियम कायद्याच्या विरोधात ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत आणा म्हणून सांगितलं. 2005 ते 2024, तुम्हीच करा वजाबाकी. एवढ्या काळात मूल जन्माला येऊन मतदार होतं.

शांतपणे, सभ्य भाषेत, योग्य मार्गानं मागितलं की असं होतं.

रॅम्पचंही ऐका. त्या ऑफिसला रॅम्प आहे, नाही असं नाही. पायथ्यापासून व्हरांड्यापर्यंत. दादा शिंपी असल्यामुळं टेप कायम गळ्यात. बाहेर आलो तेव्हा रिक्षाची वाट बघत बसल्या बसल्या त्यानं मला टेप धरायला लावली. जोतं 34 इंच उंच, रॅम्प 9 फूट लांब. नियम एकास बारा, इंचभर उंचीला फूटभर लांबी, म्हणजे 34 इंचांना 34 फूट लांबी हवी. नऊ फुटांचा तो रॅम्प म्हणजे घसरगुंडीच, व्हीलचेअर चढवायला मागून दोन पैलवान लागतील. वर मोटारसायकली लावलेल्या. आणि रॅम्प संपतो तिथं दाराला उंबरा! कंत्राटदारानं बिल काढलं, इंजिनिअरनं सही केली, कागदावर ती इमारत सुगम्य झाली.

म्हणून मला बच्चू कडूंचं टेबल बडवणं कळतं.

मी त्यांची भक्त नाही. 2022 मध्ये शिवसेनेतून फुटलेल्या शिंदे गटाबरोबर गुवाहाटीला गेले तेव्हा मलाही शिसारी आली होती, अजूनही पटलेलं नाही. पण 2004 पासून चार वेळा अचलपूरमधून निवडून आलेला हा माणूस, स्वतः धडधाकट, गठ्ठ्यानं मतं देणाऱ्या जातीचं किंवा पैशाचं गणित अपंगांत नाही हे माहीत असूनही हाच विषय धरून बसला. कोण धरतं? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांवर अपंग माणसं मोजली गेली, पण ती सगळी विखुरलेली, एका मतदारसंघात एकवटलेली नाहीत. मग रस्ता, सभामंडप, हायमास्ट, यातच सगळ्यांचा निधी संपतो.

2022 च्या 3 डिसेंबरला राज्यात दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं जाहीर झालं. त्याआधी हा विषय सामाजिक न्याय खात्याच्या एका कोपऱ्यात पडलेला असायचा. त्यामागं कडूंचा रेटा होता, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. मग 'दिव्यांगांच्या दारी' म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं झाली, तेव्हा त्या अभियानाचे ते अध्यक्ष होते. खातं झालं म्हणजे जिने खाली आले असं नाही, मान्य. पण आधी फाईल कुठं पाठवायची हेच ठरलेलं नव्हतं, आता निदान दार एक आहे.

आता नाशिकचं. हे मुद्दाम लिहितेय, कारण ग्रुपवर तेच उगाळलं गेलं. 2017 मध्ये नाशिक महापालिकेत अपंगांसाठी राखीव असलेला निधी का खर्च होत नाही म्हणून ते गेले, बाचाबाची झाली, आयुक्तांवर हात उगारला. 2023 मध्ये कोर्टानं दोन वर्षांची शिक्षा सुनावली, जामीन मिळाला. हात उगारणं चूकच. अधिकाऱ्यावर हात उगारायचा नाही, विषय संपला. पण आवाज चढवणाऱ्याला कोर्ट दिसतं, आणि पैसे तिजोरीत कुजवत ठेवणं हा आपल्याकडं गुन्हाच नाही, हे तुम्हाला खटकत नाही? जो ओरडला तो उद्धट, जो गप्प बसून वर्षाचा निधी परत जाऊ देतो तो शिस्तीचा अधिकारी. वा!

तो निधी म्हणजे काय, तेही सांगते. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांनी आपल्या उत्पन्नाचा 5 टक्के वाटा अपंगांवर खर्च करायचा आहे. आधी 3 होता. बहुतेक ठिकाणी हा पैसा आठवतो मार्च एंडला. दादाच्या हाती एका वर्षी त्यातून ब्लँकेट आलं. वऱ्हाडात, मे महिन्यात, ब्लँकेट! 44 डिग्रीत. दादानं ते इस्त्रीच्या टेबलावर अंथरलंय, कापडाखाली छान बसतं म्हणतो. त्याला तक्रार करायची सवयच नाही, आणि हेच माझं दुखणं आहे. चपला हातात घालून जिना चढणारी माणसं विनोद करून मोकळी होतात आणि आपल्याला वाटतं, चाललंय की बरं.

अपंगत्वाचे खोटे दाखले काढणारे आहेत, ठाऊक आहे मला. 2024 मध्ये पुण्यातलं प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं प्रकरण सगळ्यांनी चवीनं चघळलं. तपासणी व्हायलाच हवी. फक्त तपासणीचा हुकूम निघाला की खोटा माणूस वकील गाठतो आणि खरा माणूस पुन्हा जिना चढतो.

पैशाचंही बघा. दादाला त्या निराधार योजनेतून महिन्याला 1000 मिळायचे, 2023 मध्ये 1500 झाले. जून 2025 मध्ये कडू गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीजवळ अन्नत्याग करून बसले, कर्जमाफीबरोबर अपंगांना महिना 6000 ही मागणी होती. तेव्हा ते आमदारही नव्हते, 2024 ला पडले होते. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळानं 1500 चे 2500 केले. उपोषणामुळंच केले असं मी शपथेवर सांगणार नाही. पण नुसत्या अर्जांनी झालं असतं असंही मला कोणी सांगू नये.

एवढं लिहून राग थोडा उतरलाय. ग्रुपवरचा तो शहाणा मित्र वाईट नाही, त्यानं कोविडमध्ये स्वतःच्या गाडीनं लोकांना ऑक्सिजन पोचवला होता. त्याचं म्हणणं अर्धं मलाही पटतं. हक्क एका माणसाच्या घशावर अवलंबून असू नये. तो पडला, थकला, पक्ष बदलला की संपलं. सभागृहात बोलणारं कोणी हवंच, आणि ते अपंगांतलंच असलं तर आणखी बरं. 1953 मध्ये कलकत्त्याहून साधन गुप्ता लोकसभेत गेले, दृष्टिहीन होते. जयपाल रेड्डी कुबड्यांवर संसदेत यायचे आणि उत्कृष्ट संसदपटू ठरले. तामिळनाडूनं 2025 मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांत अपंग सदस्य नेमायचं ठरवलं, निवडणुकीच्या खर्चाची भानगडच नाही. आपल्याकडं हे कोणाच्या जाहीरनाम्यात दिसलं तर मला टॅग करा.

तोवर ओरडणाऱ्यावर हसू नका एवढंच. किंवा हसा, पण मग तुम्ही काही करा. तुमच्या गावचा 5 टक्के निधी गेल्या वर्षी कशावर गेला, लाभार्थ्यांची यादी आणि बिलं द्या, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, उत्तराला 30 दिवस. मी आमच्या गावचा कालच टाकलाय, रॅम्पचं मोजमाप कोणी तपासलं हा वेगळा अर्ज त्या ऑफिसात. अर्जाचा नमुना पहिल्या कमेंटमध्ये आहे, गावाचं नाव बदलून घ्या. आणि कमेंटमध्ये गुवाहाटी, गुवाहाटी करू नका, ते वर लिहून झालंय.