दोन मिनिटांच्या कामाचे पैसे का द्यायचे?

कोल्हापुरातल्या व्यापारी-उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कंप्युटरवाले एक्सेलमधली साधी सूत्रं दाखवून मालकांना भुरळ घालतात. काम दोन मिनिटांचं असतं, मालकाला त्यातलं कळत नाही म्हणून तो भारावतो. तेच यूट्यूबवर फुकट मिळतं, म्हणजे ही सरळ लुबाडणूक आहे. छोट्या धंद्यांच्या बिलांची आणि हिशेबांची कामं मी करतो, त्यामुळे याला उत्तर देणं मला भाग आहे.

आधी ती दोन मिनिटं. सूत्र टाइप करायला तेवढाही वेळ लागत नाही, हे मान्य. पण कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली एखादी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, घ्या. काही गिऱ्हाइकं इथली, काही बेळगाव-हुबळीकडची. राज्यातल्या विक्रीला सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी), राज्याबाहेरच्या विक्रीला आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा जीएसटी). जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. डावीकडची अक्षरं उचलणाऱ्या एक्सेलच्या ‘लेफ्ट’ फंक्शननं ते दोन आकडे उचलायचे आणि २७ असेल तर एक कर, नसेल तर दुसरा. कारकून प्रत्येक बिलाला जे डोळ्यांनी तपासत होता ते आपोआप होतं. मालक म्हणतो, “नाद खुळा!”

आता हेच सूत्र घाईत लिहा. ‘लेफ्ट’नं उचललेला २७ एक्सेलच्या लेखी मजकूर असतो, आकडा नव्हे. त्याची तुलना २७ या आकड्याशी केली की उत्तर कायम ‘नाही’ येतं. मग इथल्याच गोकुळ शिरगावच्या गिऱ्हाइकालाही आयजीएसटी लागतो. एरर येत नाही, बिल छान छापून बाहेर पडतं. २७ ला अवतरणचिन्हं घातली की हे दुरुस्त होतं, पण तिथेही संपत नाही. नोंदणी नसलेल्या स्थानिक गिऱ्हाइकाचा रकाना रिकामा असतो, त्यालाही सूत्र परराज्यातला समजतं. उलट सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कंपनीचा क्रमांक २७ नं सुरू होत असला तरी तिला केलेली विक्री आंतरराज्यच धरतात, तिथे सीजीएसटी-एसजीएसटी चालत नाही. पैसे द्यायचे ते हे सगळं आधी सुचण्याचे.

मालक अडाणी म्हणून भारावतो, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. कास्टिंगवर (ओतीव भागावर) हातोडी मारून नुसत्या आवाजावरून आतली चीर ओळखणारा माणूस भोळा नसतो. सूत्र कसं चालतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. महिनाअखेरीला कारकून रात्री उशिरापर्यंत थांबायचा, आता वेळेत घरी जातो, हे त्याला दिसतं आणि त्याचंच तो कौतुक करतो.

यूट्यूबवर फुकट आहे, जरूर शिका. फक्त पगाराची यादी करताना १६ आकडी खातेक्रमांक साध्या रकान्यात टाइप करून बघा. एक्सेल १५ आकडेच धरून ठेवतं, सोळाव्या जागी शून्य येतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा असतो. सूत्रांच्या व्हिडिओत हे सांगितलेलं असेलच असं नाही.

राहिली लुबाडणूक. ती होते, आणि त्याबद्दल मेसेजवाल्यांचा राग रास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये दुकान बंद असतानाचा ठरावीक निरोप फुकट लावता येतो. तोच ‘चॅटबॉट’, म्हणजे गिऱ्हाइकाशी आपोआप बोलणारा प्रोग्राम, म्हणून विकणं ही फसवणूकच. शीटला पासवर्ड घालून तो मालकालाच न देणं, वेबसाइटचं डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) स्वतःच्या नावावर घेऊन दरवर्षी अडवणं, हे त्याहून वाईट. पण यात दोष सोप्या सूत्राचा नाही, माणसानं लपवाछपवी केल्याचा आहे.

म्हणून काम देताना किती मिनिटं लागली हे विचारू नका. पासवर्ड कोणाकडे राहणार, डोमेन कोणाच्या नावावर, आणि सूत्र आमच्या कारकुनाला समजावून देणार का, हे विचारा. मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या शीटवर कोणत्या रकान्यात काय आहे आणि काय बदलायचं नाही ते मराठीत लिहून देतो. ते वाचून उद्या दुसऱ्या कोणाकडूनही काम करून घेता येतं.