अप्रेझलचं इंग्रजी पोरांना कुणीतरी शिकवा

मार्चमध्ये अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन, आलं की आयटीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. बहुतेक जण मराठी माध्यमात शिकलेले, जालना, परभणी, सांगलीकडून हिंजवडीत आलेले. कामाला वाघ. प्रश्न मात्र दरवर्षी तोच: "दादा, वर्षभर 'डूइंग ग्रेट' म्हणत होते, मग रेटिंग मधलंच का?"

या पोरांचं इंग्रजी कच्चं आहे असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मेल नीट लिहितात, क्लायंटशी बोलतात. त्यांना ठाऊक नसते ती बढतीची बोली, आणि ती कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत.

'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' हेच घ्या. वाचणाऱ्याला वाटतं, अपेक्षा पूर्ण केल्या, आणखी काय पाहिजे? पण बढती त्याच्या वरच्या रकान्यातल्यांना मिळते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी माणसांची 20-70-10 टक्के, म्हणजे वरचे, मधले आणि तळाचे, अशी वाटणी रूढ केली होती. मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये असली सक्तीची उतरंड मोडीत काढली, तरी वरच्या रेटिंगच्या मोजक्याच जागा ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी टिकून आहे.

किंवा 'बी मोअर व्हिजिबल'. हे ऐकून पोरं रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसायला लागतात. खरा अर्थ असा की कॅलिब्रेशनच्या मीटिंगमध्ये, म्हणजे सगळे मॅनेजर एकत्र बसून रेटिंग ठरवतात आणि जिथे तुम्ही नसता, तिथे तुमच्या मॅनेजरखेरीज कुणाला तुमचं काम माहीत नाही. 'स्ट्रेच असाइनमेंट' म्हणजे बहुतेक वेळा वरच्या पदाचं काम, आत्ताच्याच पगारात. घ्यावं, जरूर घ्यावं, पण किती महिने आणि त्यानंतर काय, हे त्याच दिवशी विचारून मेलवर घ्यावं.

परवा एका मुलीनं सेल्फ अप्रेझलचा फॉर्म पाठवला. पहिलीच ओळ: 'सपोर्टेड द टीम इन डेटा मायग्रेशन.' म्हणजे डेटा एका सिस्टिममधून दुसरीकडे हलवायला टीमला मदत केली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सगळ्या स्क्रिप्ट हिनं लिहिल्या, दोन टेबलांचे आकडे जुळत नाहीत हे मध्यरात्री हिनंच पकडलं. म्हटलं, अगं मग 'सपोर्टेड' कसं? म्हणाली, "एकटीचं नाव कसं लावू दादा, बरं दिसत नाही ते." स्वतःची टिमकी वाजवू नये हा आपल्या घरचा संस्कार, आणि मला तो प्रियच आहे. पण त्या फॉर्मवर 'सपोर्टेड' लिहिलं की वाचणारा समजतो, मुख्य काम दुसऱ्यानं केलं. जे तुम्ही ओढलंत तिथे 'लेड', म्हणजे नेतृत्व केलं, असं लिहा, आणि खाली आकडा द्या: किती टेबलं, किती वेळ वाचला. ही फुशारकी नाही, नोंद आहे.

मुलींना तर हे शब्द जास्तच लागतात. 'ग्लास सीलिंग', म्हणजे बायकांना वरच्या पदांपासून अडवणारं न दिसणारं छत, हा शब्द मॅरिलिन लोडन यांनी 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चेत वापरला. बायका वर पोचत नाहीत याचा दोष तोवर बायकांच्याच स्वभावाला दिला जायचा. पुढे 1991 च्या अमेरिकन कायद्यानं त्याच नावाचा आयोग नेमला. 2005 मध्ये एक्सेटर विद्यापीठातल्या मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांनी 'ग्लास क्लिफ' मांडलं: कंपनी अडचणीत असताना बाईच्या हाती सूत्रं द्यायची, म्हणजे बुडाली तर खापर तिच्या डोक्यावर. बुडत्या प्रोजेक्टची लीड म्हणून आपलं नाव पुढे आलं, तर हा शब्द माहीत असलेली मुलगी आधी माणसं आणि मुदत मागून घेईल.

आपल्यातले जे दहा-पंधरा वर्षं या क्षेत्रात आहेत, त्यांनी गावाकडून आलेल्या निदान एका पोराचा फॉर्म वाचावा. तासाभराचं काम आहे. आणि ज्यांचा फॉर्म अजून सबमिट व्हायचाय त्यांनी मला इनबॉक्समध्ये पाठवा. कंपनीचं, क्लायंटचं नाव आणि आतली माहिती आधी काढून टाका. रविवारी बसून सगळे वाचतो.