प्रॉम्प्टर वाचणं हेही शिकावं लागतं

निवेदक व्हायला आवाज आणि आत्मविश्वास पुरेसा, असं म्हटलं जातं. पण नवे निवेदक अडखळतात ते बहुतेकदा प्रॉम्प्टरवर, म्हणजे कॅमेऱ्यापाशी वाचायचा मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर. ओळ लांब असली की बुबुळं डावी-उजवीकडे फिरताना प्रेक्षकाला स्पष्ट दिसतात. म्हणून एका ओळीत चार-पाचच शब्द ठेवा आणि कॅमेरा थोडा लांब नेऊन झूम करा. आकडे अक्षरांत लिहा: १२,५०,००० दिसलं की जीभ थबकते, ‘साडेबारा लाख’ सरळ वाचलं जातं. मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणं कर, लिहायला एकच, उच्चार वेगळे. अशा ‘च’, ‘ज’, ‘झ’वर आधीच खूण करून ठेवा.

कॉलर माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावा. पदर, ओढणी किंवा मंगळसूत्र त्याला घासलं तर ती खरखर नंतर नीट काढता येत नाही. घरी सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रीकरण करत असाल तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. बारीक चौकटीचा शर्ट टाळा.

आणि शोरील, म्हणजे काम मागताना दाखवायची तुमच्या निवेदनाची नमुना-चित्रफीत, दीड-दोन मिनिटांचीच करा. सुरुवातीला संगीत, नावाच्या पाट्या नकोत, थेट तुमचं बोलणं हवं.